संध्याकाळपर्यंत हातात राहणारा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. सेन्सर केवढा, मेगापिक्सेल किती, कमी उजेडात कसा चालतो, व्हिडिओ कसा येतो. मला कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते: दिवसभर बाहेर फिरल्यावर, संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला, हा कॅमेरा कुठे असेल? हातात, गळ्यात, की सॅकच्या तळाशी? याचं खरं उत्तर ज्याला देता येतं, त्याची निम्मी निवड तिथेच होते.

संध्याकाळच का, त्याला कारण आहे. चांगला उजेड दिवसाच्या दोन टोकांना असतो. सकाळच्या टोकाला आपण ताजेतवाने असतो, तेव्हा काहीही उचलवतं. संध्याकाळी ऊन तिरपं होतं, भिंतींचा खडबडीतपणा उठून दिसायला लागतो, माणसांच्या चेहऱ्यावरच्या कडक सावल्या विरतात. आणि नेमके त्याच वेळी आपले खांदे भरून आलेले असतात. फोटो काढण्यासारखं सगळ्यात जास्त ज्या तासात असतं, त्याच तासात अंगात त्राण सगळ्यात कमी. मी कॅमेऱ्याचं वजन या तासाच्या हिशेबाने धरते. तेव्हा तो उचलावासा वाटला तर हलका. नाही वाटला, तर काट्यावर आकडा काहीही येवो, माझ्यासाठी तो जड.

आणि वजनाचा परिणाम कॅमेरा डोळ्याला लावण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पाठीवर जड बॅग घेऊन बराच वेळ चाललेला माणूस बघा. मान पुढे आलेली असते, नजर पावलांपुढच्या चार हात जमिनीवर. वरची खिडकी, बाजूची गल्ली, मागे वळून बघितलं तर दिसणारा रस्ता, हे सगळं त्याच्या नजरेतून सुटत जातं. रस्ता सोडून जरा आत डोकावून यावं का, त्या टेकाडावर चढून बघावं का, हे ठरवतो कोण? आपल्याला वाटतं आपली आवड ठरवते. दुपारनंतर ते खांदा ठरवतो. न काढलेल्या फोटोंची यादी कुणी ठेवत नाही, म्हणून हे नुकसान दिसत नाही. फोटो धूसर आला तर दिसतं, कोपरे मऊ आले तर दिसतं. वाकडी वाट करून गेलोच नाही, याची नोंद कुठे राहणार?

ओझ्याची ही काळजी फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८६० च्या दशकात सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार हिमालयात हिंडला, तो हमालांचा तांडा सोबत घेऊनच. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओला आहे तोवरच धुवायचा. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे अंधारा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी, सगळं हजर हवं. हा लवाजमा घेऊन बोर्न १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, साडेपाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर पोचला आणि तिथे त्याने फोटो काढले. त्याच्या जिद्दीपुढे मान झुकते. ते ओझं वाहणाऱ्या हमालांचं नाव मात्र फोटोखाली येत नाही, हे मला प्रत्येक वेळी आठवतं.

पुढे १८७७ च्या सुमाराला जॉर्ज ईस्टमन नावाच्या, बँकेत काम करणाऱ्या तरुणाने कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोला जायचा बेत आखला आणि प्रवासासाठी असंच सगळं सामान जमवलं. तो प्रवास काही झाला नाही. पण हे ओझं कमी कसं करायचं, हा विचार त्याच्या डोक्यात घट्ट बसला. आधी कोरड्या प्लेटा, म्हणजे रसायन आधीच सुकवून ठेवलेल्या काचा, मग गुंडाळीची फिल्म, आणि १८८८ मध्ये हातात मावणारा कोडॅक कॅमेरा, १०० फोटोंची फिल्म आत भरूनच मिळणारा.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ऑस्कर बार्नाक. जर्मनीतल्या वेट्झलार गावात सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झच्या कारखान्यात तो काम करायचा. फोटोची हौस, भटकायची हौस, आणि जोडीला दमा. प्लेटचा अवजड कॅमेरा घेऊन चढ चढणं त्याला झेपेना. त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म घेतली, ती कॅमेऱ्यात आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटी मिळून एक, अशी २४ × ३६ मिमीची चौकट केली. पहिला नमुना १९१४ च्या सुमाराला तयार झाला, आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला. त्या काळच्या मोठ्या प्लेटांपुढे ही चौकट अगदीच चिमुकली होती. आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो आणि व्यावसायिक, भारदस्त समजतो, तो सेन्सर त्याच मापाचा आहे. दम लागणाऱ्या माणसाला पेलावी म्हणून लहान केलेली चौकट शंभर वर्षांत मोठी ठरली. कुणी मला सांगतं की खरा फोटोग्राफर वजनाची तक्रार करत नाही, तेव्हा मला बार्नाक आठवतो. त्याने तक्रार केली आणि तिच्यावर उपाय शोधला.

आता आजच्या बॅगेकडे येऊ. कॅमेरा हलका हवा म्हणून शोधायला लागलं की लोक बॉडीच्या, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या, वजनाचे तक्ते काढून बसतात. खरं ओझं बहुतेक वेळा लेन्समध्ये असतं. सोनीचा पहिला ए७ २०१३ मध्ये आला. फुल फ्रेम सेन्सर, आणि बॅटरी-कार्ड धरून वजन ४७४ ग्रॅम. तेव्हा ते नवलच होतं. तीन वर्षांनी त्याच माउंटसाठी, म्हणजे लेन्स बसवायच्या त्याच कडीसाठी, सोनीची २४-७० एफ/२.८ लेन्स आली, तिचं एकटीचं वजन ८८६ ग्रॅम. ती त्या बॉडीवर चढवली की कॅमेरा कमी आणि लेन्सच जास्त. आरसा काढून टाकल्यामुळे मिररलेस बॉडी बारीक झाली हे खरं आहे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या कडीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर ठेवावं लागायचं, कारण मध्ये आरसा वरखाली व्हायचा. नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमीवर आलं. याचा फायदा रुंद दृश्य घेणाऱ्या वाइड लेन्सना बराच होतो, दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटोला फारसा होत नाही. मिररलेस घेतला म्हणजे सगळंच हलकं होईल, ही समजूत इथे अपुरी पडते.

लेन्स जड का होते, हे एकदा नीट समजून घेतलं की निवड फार सोपी होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. एफ/२.८, एफ/४ हे आकडे म्हणजे भागाकार आहेत. फोकल लेंथला (लेन्सवरचा मिमीतला आकडा; तो जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) त्या आकड्याने भागलं की लेन्समधून उजेड आत घेणाऱ्या वाटेचा व्यास मिळतो. २०० मिमीला एफ/२.८ हवा असेल तर २०० भागिले २.८, म्हणजे साधारण ७१ मिमी. एफ/४ चालत असेल तर ५० मिमी. पुढची काच निदान तेवढी रुंद असावीच लागते, त्यात कुणालाही हातचलाखी करता येत नाही. काच रुंद झाली की ती जाडही होते, तिला धरणारी नळी मोठी होते, फोकससाठी सरकणारा भाग जड होतो आणि त्याला हलवणारी मोटरही. कॅननच्या आरएफ माउंटमधल्या दोन ७०-२०० लेन्स शेजारी ठेवून बघा: एफ/२.८ ची १०७० ग्रॅम, तीही ट्रायपॉडची कडी न धरता. एफ/४ ची ६९५ ग्रॅम. फरक फक्त एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट-निम्म्या उजेडाचा.

तो एक स्टॉप आपल्याला खरोखर लागतो का, हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारावा. कमी उजेडातल्या सभागृहात नाच टिपायचा असेल, लग्नाचं काम घेतलेलं असेल, तर लागतो आणि तिथे पर्याय नाही. पण मी बहुतेक वेळा दिवसाउजेडी फिरते, इमारती आणि रस्ते बघते, आणि मागचं-पुढचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून एफ/५.६, एफ/८ वर जाते. एफ/१.४ ची लेन्स घेऊन ती दिवसभर एफ/८ वर वापरायची, तर ती जास्तीची काच खांद्यावर कशासाठी वाहायची? आपलेच जुने फोटो संगणकावर उघडून त्यांचे अ‍ॅपर्चरचे (म्हणजे एफचे) आकडे बघितले तर याचं उत्तर कुठल्याही परीक्षणापेक्षा चोख मिळतं. फोकल लेंथचंही तेच. झूमची कुठली टोकं आपण वापरतो आणि कुठली वापरतच नाही, ते फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

काही वेळा मात्र फोकल लेंथमध्ये तडजोड चालत नाही. ओळखीतले एक काका निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या मागे लागले. त्यांच्याकडे निकॉनची ५०० मिमी एफ/४ होती. लेन्सचंच वजन ३०९० ग्रॅम. तिच्यासाठी भक्कम ट्रायपॉड, त्यावर जड लेन्स सहज फिरवता येईल असं गिंबल हेड, आणि हे सगळं वाहायला वेगळी बॅग. पुढे त्यांनी त्याच कंपनीची ५०० मिमी एफ/५.६ घेतली, १४६० ग्रॅमची, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. त्यात एक स्टॉप सोडल्याचा भाग आहेच. १२५ मिमीऐवजी ८९ मिमी व्यासावर काम भागतं. शिवाय तिच्यात फेज फ्रेनेल नावाची काच आहे, बारीक गोल पायऱ्या असलेली. प्रकाशाचं वक्रीभवन आणि विवर्तन दोन्ही वापरून रंगांची फाकाफाक ती आवरते, त्यामुळे लेन्स आखूड करता येते. चौकटीत किंवा चौकटीलगत प्रखर दिवा असला तर तिच्यात रंगीत कडी उमटू शकते, एवढी किंमत द्यावी लागते. काकांना ती किंमत परवडली. मला म्हणाले, "अगं, पूर्वी पक्षी डावीकडून उजवीकडे गेला की मी ट्रायपॉडभोवती प्रदक्षिणा घालायचो. आता नुसता वळतो." आणि त्यांनी मला वळून दाखवलं, दोन्ही कोपरं छातीला लावून, रिकाम्या हातांनी. सत्तरीचा माणूस असा झर्रकन वळताना बघून मला फार बरं वाटलं.

सेन्सरच्या मापाबद्दल लोक हट्टाने भांडतात. मला ते भांडण नको वाटतं, कारण हिशेब स्वच्छ आहे. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकने २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स आणलं. त्याचा सेन्सर १७.३ × १३ मिमी. फुल फ्रेमच्या तुलनेत निम्म्या फोकल लेंथमध्ये तेवढाच दृश्यकोन मिळतो, म्हणून लेन्स लहान होतात. ऑलिम्पसची ४०-१५० मिमीची साधी झूम १९० ग्रॅमची आहे आणि फुल फ्रेमवरच्या ८०-३०० इतकं जवळचं दाखवते. मुठीत मावते. बदल्यात काय जातं, तेही सांगायला हवं. सेन्सर लहान म्हणजे एकूण उजेड कमी गोळा होतो, त्यामुळे अंधारात दाणे लवकर दिसतात आणि मागचं धूसर करायला कमी वाव मिळतो. एपीएस-सी हे सेन्सरचं माप या दोघांच्या मधलं. ज्याचे फोटो बहुतेक उजेडात काढले जातात आणि स्क्रीनवर किंवा मध्यम आकाराच्या छापील कागदावर बघितले जातात, त्याला लहान सेन्सरने अडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्याला मी हे सांगणार नाही.

इथवर सगळं ग्रॅममध्ये झालं. पण हलकेपणा काट्यावर पूर्ण उतरत नाही, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून मला बोलायचं आहे.

माझा पंजा लहान आहे. माझ्याकडे फुजीचा एक्स-ई४ आहे, बॅटरी-कार्ड धरून ३६४ ग्रॅम. त्याची पुढची बाजू अगदी सपाट आहे, बोटांना धरायला उंचवटा नाही. हातात घेतला की तर्जनी शटरवर जाते, मधलं बोट आणि अनामिका पुढच्या सपाटीवर टेकतात, आणि करंगळीला जागाच उरत नाही. ती दुमडून तळाखाली जाते. मग कॅमेरा घसरू नये म्हणून अंगठा मागून दाबत राहतो. हा दाब इतका थोडा असतो की लक्षातही येत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने अंगठ्याच्या बुंध्याशी, मनगटाच्या जरा वर, एक बारीक ठणका लागतो. कॅमेरा हलका असून हात दुखतो, तो वजनामुळे नाही, चिमटीमुळे. वरच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, सरकवायची एक धातूची पट्टी मिळते, तिला थंब रेस्ट म्हणतात. ती बसवल्यावर अंगठा त्या पट्टीला अडकतो आणि दाबायचं काम थांबतं. काट्यावर कॅमेरा काही ग्रॅमनी जड झाला, हाताला मात्र कितीतरी हलका. तेव्हापासून कुणी बॉडी निवडायला सोबत बोलावलं की मी वजन विचारायच्या आधी करंगळी कुठे जाते ते बघते.

दुसरी गोष्ट तोल. त्याच सपाट बॉडीवर लांब, जड लेन्स लावली की पुढचं टोक खाली ओढतं आणि मनगट ते वर धरून ठेवत बसतं. वजन तेवढंच असलं तरी हातापासून जितकं लांब, तितकं ते मनगटाला भारी. म्हणून मोठ्या लेन्ससाठी भरदार ग्रिपची बॉडी शंभर-दीडशे ग्रॅमनी जड असली तरी जास्त सोसते. बॉडी सगळ्यात हलकी, लेन्स सगळ्यात तेजस्वी, अशी जोडी कागदावर छान दिसते आणि हातात अवघडते. डाव्या तळव्यावर लेन्सचा भार घेऊन, उजव्या हाताने नुसतं दिशा देणं, ही सवय जुन्या लोकांना होती. स्क्रीनकडे बघत हात लांब करून फोटो काढायच्या नादात ती सुटत चालली आहे. कॅमेरा डोळ्याला लावला, कोपरं अंगाशी घेतली, की तोच कॅमेरा एकदम पेलतो.

लहान करायचं तर काय लहान करावं आणि काय करू नये, याचा उत्तम नमुना म्हणून मी ऑलिम्पसचा ओएम-१ मानते. योशिहिसा मैतानी यांनी घडवलेला हा फिल्मचा कॅमेरा १९७२ मध्ये आला, तेव्हा त्याचं नाव एम-१ होतं. नुसती बॉडी ५१० ग्रॅमच्या घरात. त्या काळच्या आरशाच्या, म्हणजे एसएलआर, कॅमेऱ्यांपुढे खूपच आटोपशीर. शटर स्पीडची कडी त्यांनी लेन्सच्या माउंटभोवती नेली, म्हणजे लेन्सखाली असलेल्या डाव्या हातालाच ती सापडते. आणि डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर मात्र मोठा ठेवला, उजळ ठेवला. बाहेरून कॅमेरा आकसला, पण डोळ्याच्या वाट्याला काही कमी आलं नाही. आजचे काही चिमुकले कॅमेरे नेमकी डोळ्याचीच जागा आधी कापतात. भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा हे कळतं.

मग पट्टा. कॅमेऱ्यासोबत येणारा अरुंद पट्टा मानेत घालून दिवस काढणं मला जमत नाही. सगळा भार मानेच्या मागच्या चार बोटं जागेवर येतो, कॅमेरा पोटावर आपटत राहतो, तो आपटू नये म्हणून एक हात सतत त्याच्यावर. तोच पट्टा जरा लांब करून तिरपा घातला, एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत, की भार खांदा, पाठ आणि छातीवर वाटला जातो आणि कॅमेरा मांडीशी स्वस्थ बसतो. अर्ध्या किलोच्या आतला कॅमेरा असेल तर मनगटाची दोरी पुरे; एक किलोच्या पुढे ती मनगटाला काचते. बॅग मोठी आणि भरलेली असेल तर कमरपट्टा हवाच. तो नितंबाच्या हाडांवर बसवून घट्ट केला की बराचसा भार खांद्यांवरून उतरून कमरेवर आणि पायांवर जातो. जड वस्तू पाठीच्या जवळ, हलक्या बाहेरच्या बाजूला. हे ट्रेकला जाणारे सगळे करतात, पण कॅमेऱ्याच्या बॅगा भरताना विसरतात, कारण त्या बॅगांची आतली खणंच लेन्सच्या मापाने आखलेली असतात.

खण रिकामा दिसला की तो भरावासा वाटतो, हा मोठ्या बॅगेचा आणखी एक दोष. लहान बॅग घेणं हा मला वजन कमी करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो.

माझ्या बॅगेत हल्ली काय असतं ते सांगते. एक्स-ई४, त्यावर २७ मिमी एफ/२.८, ८४ ग्रॅमची चपटी लेन्स. फुल फ्रेमच्या भाषेत ४० मिमीच्या जवळचा कोन. कॅमेरा आणि लेन्स मिळून ४४८ ग्रॅम. माणसांचे फोटो काढायचे असतील त्या दिवशी ५० मिमी एफ/२, आणखी २०० ग्रॅम. दोन जादा बॅटऱ्या, कारण मिररलेस कॅमेऱ्यात स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू असतो आणि बॅटरी लवकर संपते. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीत निकॉनचा आरशाचा डी८५० एका बॅटरीवर १८४० फोटो काढतो, सोनीचा पहिला ए७ ३४०. हलक्या बॉडीचं थोडं वजन असं मागच्या दाराने परत येतं, ते धरायला हवं. एक पुसायचं कापड. चार्जर नाही, यूएसबीची तार. फिल्टरची थैली नाही. पावसाळी दिवसांत एक साधी प्लास्टिकची पिशवी.

ट्रायपॉड बहुतेक वेळा घरी राहतो. २०१२ मध्ये ऑलिम्पसच्या ई-एम५ मध्ये पाच अक्षांवर सेन्सर सावरणारी यंत्रणा आली आणि पुढे ती कितीतरी बॉडींमध्ये रुळली. हातातून अर्ध्या सेकंदाचा फोटो स्थिर येऊ लागला. ज्यांना ट्रायपॉड फक्त थरथरीसाठी लागत होता, त्यांची दीड-दोन किलोंतून सुटका झाली. माझ्या बॉडीत ही सोय नाही. मी कठडा, खांब, पायरी बघते, कॅमेरा त्यावर टेकवते, दोन सेकंदांचा टायमर लावते. वाहतं पाणी दुधासारखं पांढरं दिसावं असे फोटो मी काढत नाही, म्हणून हे चालतं.

हे "मी काढत नाही" महत्त्वाचं आहे. हलकं सामान निवडणं म्हणजे कुठले फोटो आपण सोडून देणार, हे निघायच्या आधीच ठरवणं. लांबच्या शिखरावरचा माणूस, झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी, रात्रीची आकाशगंगा, हे माझ्या बॅगेने सोडलेले विषय आहेत. ते समोर आले की मी बघते, मनसोक्त बघते, आणि कॅमेऱ्याला हात लावत नाही. सुरुवातीला हुरहुर लागते. मोठी लेन्स असती तर, असं येतं मनात. हळूहळू नजर त्या चाळीस मिमीच्या चौकटीत विचार करायला लागते; कॅमेरा उचलायच्या आधीच कळतं, इथून दोन पावलं मागे जायला हवं. सगळं टिपता आलं पाहिजे या भीतीने बॅग फुगते. एखादी वस्तू "कदाचित लागेल" म्हणून बॅगेत शिरत असेल, तर तिच्या बाबतीत मी जरा कठोर होते.

मोबाइलचं काय, असं कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं. तो खिशात असतोच, वेगळं ओझं नाही, आणि फोटो चांगले येतात. ज्याचं त्यात समाधान होतं त्याने कॅमेरा घेऊच नये. मला व्ह्यूफाइंडर हवा असतो, डोळ्याला लावल्यावर आजूबाजूचं जग बंद करणारा. आणि फोटो काढताना मधेच कुणाचा निरोप आलेला दिसू नये, असंही वाटतं. खिशातच ठेवायचा पण कॅमेराच हवा, अशांसाठी रिको जीआर ३ सारखे कॅमेरे आहेत: बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, आत एपीएस-सी सेन्सर, २८ मिमीच्या कोनाची एकच लेन्स. व्ह्यूफाइंडर नाही, आणि बॅटरी दोनशेच्या आसपास फोटोंवर संपते. म्हणजे तिथेही सोडून देण्याची यादी आहेच, फक्त ती कारखान्यात ठरलेली.

नवीन काही घ्यायच्या विचारात असाल तर एक प्रयोग करून बघा. जी बॉडी, ज्या लेन्स, जो ट्रायपॉड मनात आहे, त्यांची वजनं कंपनीच्या माहितीतून काढा. बॉडीचं वजन बॅटरी-कार्डासह दिलं आहे की नाही ते तपासा, ट्रायपॉडचं हेडसह आहे का ते बघा. इथे आकडे हमखास फसवतात. सगळी बेरीज करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेवढ्या पाण्याच्या बाटल्या तुमच्या नेहमीच्या बॅगेत भरा आणि तुम्ही एरवी जितकं चालता तितकं चाला, जिने असतील तर जिने चढा. अर्ध्या लिटरची एक बाटली हातात ठेवा आणि काही बघण्यासारखं दिसलं की ती डोळ्यासमोर उचला, थोडा वेळ धरा, खाली घ्या. लोक बघतील, बघू देत. शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही ती किती वेळा उचलता, तेवढं लक्षात ठेवा. एखादी बाटली रिकामी करावीशी वाटली, तर तेवढ्या वजनाचं यादीतलं काय कमी करता येईल ते घरी येऊन बघा, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या बाटल्या घेऊन पुन्हा तेवढंच चाला.